डावऱ्याची भिंत

आमच्या गावाच्या जुन्या चौकात तुम्हाला खिडकीची एक फळी बदलायची असली तरी अर्ज करावा लागतो. अर्ज तीन प्रतींत, सोबत फळीचा फोटो, शिवाय फळी कोणत्या लाकडाची तेही लिहायचं. हे सगळे अर्ज माझ्या टेबलावर येतात, कारण जतन समितीच्या कचेरीत लेखनिक म्हणून मी एकटीच आहे. सत्तावीस वर्षं झाली. चौकाभोवतीच्या एकसष्ट घरांची नोंदवही मी दोनदा टाइप केली आहे. कुठल्या सज्जाच्या कठड्याला किती गज आहेत, कुठल्या दारावर कमान आहे आणि कुठल्या दारावर नुसती आडवी शिळा, हे मला झोपेतून उठवून विचारा. लोक समितीला शिव्या घालतात आणि त्या माझ्याच पदरात पडतात, त्याचंही मला आता काही वाटत नाही. पण ही गोष्ट समितीची नाही, माझ्या मामाची आहे. ती सांगताना मी त्याची बाजू घेणार नाही. घ्यायची झालीच तर शेवटी बघू.

मामा गवंडी. नुसता विटा रचणारा नव्हे. दगड घडवायचा आणि बसवायचाही. हातोडा तो डाव्या हातात धरतो, म्हणून गाव त्याला डावऱ्या म्हणतं, अगदी तोंडावर. माझ्या आजीनं लहानपणी फटके देऊन देऊन त्याचा जेवायचा आणि लिहायचा हात उजवा करून घेतला, पण हातोड्याकडे तिचं लक्ष गेलं नाही. कुणी किरकोळ काम सांगितलं की ‘हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ’ म्हणून तो स्वतःच हसतो. माझी आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. तेव्हापासून मामानंच मला वाढवलं, त्यामुळे तो विनोद मी चाळीस वर्षं ऐकते आहे आणि बऱ्याचदा हसलेही आहे.

तसा माणूस बोलका. कुणाच्या घराला ओल कुठून येते, कुणाची सून कुणाशी बोलत नाही, सगळं त्याला ठाऊक आणि सगळं तो सांगणार. फक्त स्वतःच्या कामाचं विचारलं की तोंडात मिठाची गुळणी. हे त्याच्या उस्तादाचं शिक्षण. जुन्या घरांवर काम करणाऱ्या गवंड्यांचा तो नियमच होता. नवं बांधलंत तर खुशाल सांगा, दुरुस्ती केलीत तर सांगायचं नाही. दुरुस्ती बोट दाखवून सांगावी लागली म्हणजे ती दिसत नव्हती, म्हणजे चांगली होती. मग दाखवून बिघडवायची कशाला? आणि न दाखवता दिसली तर सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. त्यामुळे चौकातल्या कुठल्या कमानीला मामाचा हात लागलाय हे नोंदवही टाइप करणाऱ्या मलाही माहीत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

आता ती भिंत. चौकाच्या कोपऱ्यात एक दगडी घर आहे. चौकाच्या बाजूनं त्याची लांबच लांब भिंत, खालपासून वरपर्यंत घडीव काळसर दगडाची. तिला तीन खिडक्या आहेत, पण उंचावर. उभ्या माणसाच्या कपाळाशी खिडकीचा तळ येतो. दार नाही. दार मागच्या गल्लीत आहे, आणि गल्ली उतारावर असल्यामुळे तिथून घरात शिरायला अकरा पायऱ्या चढाव्या लागतात. आमच्या समितीवर एक प्राध्यापक आहेत, जुन्या इमारतींचे अभ्यासक; तीस वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा गावात आले तेव्हा या भिंतीसमोर अर्धा दिवस उभे होते म्हणे. एकसष्ट घरांत दार नसलेली दर्शनी भिंत ही एकच. जोखमीचा माल ठेवण्यासाठी कुणा व्यापाऱ्यानं ती मुद्दाम अखंड बांधून घेतली असावी, असं त्यांनी लिहिलं.

त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. संध्याकाळचं ऊन त्या भिंतीला कडेनं घासून जातं, तेव्हा दगडांवरच्या छिन्नीच्या बारीक तिरप्या रेषा उठून दिसतात. बहुतेक दगडांवर त्या एकाच बाजूला झुकलेल्या आहेत, पण मधल्या पंचवीस-तीस दगडांवर बरोबर उलट. प्राध्यापकांनी यावर साडेचार पानं लिहिली. पाथरवटांच्या दोन घराण्यांनी मिळून ही भिंत उभारली आणि दुसऱ्या घराण्यानं आपली खूण म्हणून रेषा उलट्या ओढल्या, असा त्यांचा निष्कर्ष. भिंतीचा फोटो समितीच्या पुस्तिकेवर छापला गेला. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी त्यांना ‘इथं पूर्वी दार होतं बुवा’ असं सांगितलंही होतं. पण त्यातल्या एकाला चौकातून मगर चालत गेलेलीही आठवत होती. तेव्हा मी नोंदवहीत टाइप केलं, ‘दार असल्याची लोकसमजूत, पुरावा नाही.’

हुशार वाचकाच्या एव्हाना सगळं लक्षात आलं असेल. माझ्या यायला सत्तावीस वर्षं लागली.

बाहेरगावचे पाहुणे आले की प्राध्यापक त्यांना भिंतीपुढं उभं करून उलट्या रेषांची गोष्ट सांगत. आणि दर वेळी त्या घोळक्याच्या मागं मामा उभा असे, हात पाठीशी बांधून, मान जरा तिरकी करून. मला वाटे, उतारवयात म्हाताऱ्याला इतिहासाची गोडी लागली. मी कौतुकानं त्याला पुस्तिकाही आणून दिली. ती त्यानं उशाखाली ठेवली.

त्या घरात घड्याळजीकाका आणि काकू राहतात. काका घड्याळं दुरुस्त करतात, काकू शिवणकाम. त्यांनी ते घर घेतलं तेव्हापासून मामा आणि काकांची दोस्ती. एक दगड फोडणारा आणि एक डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा चिमटीत धरणारा. पण जमलं खरं. रोज साडेपाचला काका दुकान बंद करून चौकातल्या बाकावर येत आणि मामा हातपाय धुऊन तिथं हजर होई. दोघं काय बोलत देव जाणे. मामा पाच मिनिटं उशिरा आला तर काका मनगट पुढं करून त्याला घड्याळ दाखवत, आणि मामा म्हणे की तुझंच पुढं असेल. पंचवीस वर्षं हे चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी आजारपणात काकांचे पाय गेले. चाकांची खुर्ची आली. हात आणि डोळे शाबूत होते, तेव्हा काम घरात खिडकीखालच्या टेबलावर सुरू झालं. बाहेर जाण्याचं मात्र संपलं. सुरुवातीला मामानं आणि शेजाऱ्यानं त्यांना खुर्चीसकट उचलून अकरा पायऱ्या उतरवून पाहिलं. चौथ्या वेळी शेजाऱ्याचा पाय घसरला. कुणाला लागलं नाही, पण काकांचा चेहरा पांढरा पडला. ‘मी काय कपाट आहे का,’ म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी कुणाला उचलू दिलं नाही. त्यांच्या टेबलाच्या पलीकडं, एका भिंतीएवढ्या अंतरावर, चौक होता. सपाट फरशीचा, घराच्या जमिनीशी अगदी एका पातळीत. पण खिडकी उंच, त्यामुळे बसल्या जागेवरून त्यांना आकाश दिसे आणि दिव्याच्या खांबाचं टोक. बाकीचा चौक नुसता ऐकू येई.

काकूंनी अर्ज केला, चौकाकडच्या भिंतीत खुर्ची जाईल एवढं दार काढू द्यावं म्हणून. तीन प्रतींत, फोटोसकट. समितीनं तो नाकारला. मूळ अखंड भिंत, एकमेव उदाहरण, वगैरे. सहा महिन्यांनी त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी जोडून पुन्हा अर्ज केला. पुन्हा तेच. दोन्ही पत्रं मीच टाइप केली. दुसरं पत्र मी पोस्टात न टाकता स्वतः नेऊन दिलं, म्हणजे जरा बरं वाटेल. मला, काकूंना नव्हे. काकूंनी ते न वाचताच शिवणयंत्राच्या खणात टाकलं आणि मला चहा विचारला. मी चहा घेतला नाही.

त्या दिवशी जेवताना मी मामाला सांगितलं की अर्ज परत नाकारला, आता काकांना काही बाहेर पडता येत नाही. मामानं पाण्याचा पेला उचलला, प्यायला, खाली ठेवला. मग म्हणाला की भाजीला मीठ कमी आहे. मीठ कमी नव्हतं.

एक सांगायला हवं, तो त्या दोन वर्षांत एक दिवसही काकांकडे जायचा चुकला नाही. साडेपाचला अकरा पायऱ्या चढायचा आणि त्यांच्या टेबलाशेजारी बसकण टाकून भिंतीला पाठ टेकायचा. त्याच भिंतीला. काका काम करत, तो बोले. गावाला ही दोस्ती म्हणजे कौतुकाचा विषय झाला होता.

यंदा पुस्तिकेची नवी आवृत्ती काढायची ठरली. भिंतीचा फोटो नव्यानं हवा होता, रेषा स्पष्ट दिसणारा. फोटोवाला आजारी, म्हणून समितीचा कॅमेरा घेऊन मीच संध्याकाळी पाचच्या सुमारास चौकात गेले. इतक्या वर्षांत त्या रेषांबद्दल मी हजार वेळा टाइप केलं होतं, पण नाक लावून त्या कधी पाहिल्या नव्हत्या. ऊन कडेनं आलं आणि दगडांवर रेषा उभ्या राहिल्या. उलट्या रेषांच्या एका दगडावरून मी सहज हात फिरवला, आणि माझा हात तिथंच थांबला.

आमच्या परसात धुण्याचा दगड आहे. मी बारा वर्षांची असताना मामानं तो माझ्यासाठी घडवला, पाणी वाहून जावं म्हणून त्यावर तिरप्या रेषा काढून. शाळेचा गणवेश मी त्यावर घासलाय, आजही पायपुसणी त्यावरच धुते. त्या रेषा कशा चालतात, कुठं किंचित खोल होतात, हे डोळ्यांपेक्षा माझ्या तळहाताला जास्त ठाऊक. चौकातल्या भिंतीवर माझ्या हाताखाली धुण्याचा दगड होता.

मी घरी आले. मामा ओट्यावर बसून चपलेचा अंगठा शिवत होता. मी कॅमेरा त्याच्यापुढं ठेवला आणि विचारलं की चौकातल्या कोपऱ्यावरच्या घराला दार होतं का. त्यानं सुई चपलेतच टोचून ठेवली.

“पाच वाजता कशाला गेलीस तिथं,” तो म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी त्या घरात एका कागदाच्या व्यापाऱ्याचं कोठार होतं. चौकात तेव्हा बहुतेक कोठारंच, राहतं माणूस विरळा, म्हणून ते दार फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. चौकातली धूळ दारातून आत येई आणि कागदाच्या गठ्ठ्यांवर बसे, म्हणून त्याला दार बुजवून हवं होतं. पण ठिगळ दिसता कामा नये, ही त्याची अट. उस्तादानं काम घेतलं आणि दगड घडवायला दिले मामाला, तो तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्याच खाणीचा दगड शोधून आणला. दगड दाताला दात असे बसवले, म्हणजे दाराचा आकार कुठंच उमटू नये. चुन्यात जुन्या भिंतीचीच माती कालवली, म्हणजे सांधे नवे दिसू नयेत. शेजारच्या जुन्या दगडांवर छिन्नीच्या रेषा होत्या, तशाच मामानं नव्या दगडांवर काढल्या, मोजून, तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच खोल. पत्रे लावून आत काम चाललेलं, त्यामुळे ऊन कधी भिंतीवर आलंच नाही. काम संपलं, पत्रे उतरवले, आणि त्या संध्याकाळी उस्तादाला दिसलं की पोरानं सगळं हुबेहूब केलंय, फक्त हातोडा डाव्या हातात होता. रेषा उलट्या झुकल्या होत्या.

उस्ताद आधी कपाळाला हात लावून बसला, मग म्हणे पोट धरून हसला. भिंत उतरवायला वेळ नव्हता. संध्याकाळची दहा मिनिटं सोडली तर ते कुणाला दिसणारही नव्हतं. आपण बोलायचं नाही, उस्ताद म्हणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

हे सांगताना मामाचा चेहरा उजळला होता, आणि तेच मला सहन झालं नाही. मला फार राग आला. लहानपणापासून मी त्याच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. मी विचारलं की दोन वर्षं तू काकांपुढं जाऊन बसतोस, दोन पत्रं मी माझ्या हातानं टाइप केली, आणि तू मीठ कमी म्हणालास? तो म्हणाला, उस्तादाला शब्द दिलेला. मी म्हटलं, उस्ताद जाऊन वीस वर्षं झाली, आणि त्यानं दुरुस्ती सांगू नको म्हटलं होतं, माणूस कोंडून ठेव असं नव्हतं म्हटलं. खरं काय ते सांग.

त्यानं चप्पल खाली ठेवली.

“लोक लांबून बघायला येतात ती भिंत,” तो म्हणाला. “मला दुसरं काय आहे, पोरी? मी सांगितलं की ती फोडणार. आणि फोडायला मलाच बोलावणार.”

 त्याला बायको नाही, मूलबाळ नाही, आयुष्यभर दुसऱ्यांची घरं सांधली आणि एकाही घरावर नाव नाही. मला त्याची दया आली, आणि दया आल्यामुळे राग आणखी वाढला. मी एवढंच म्हटलं की गुरुवारी अकरा वाजता समितीची बैठक आहे. मी काही सांगणार नाही. सांगायचं असेल तर त्यानं सांगावं. त्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस तो काकांकडे गेला नाही. खाई त्याला खवखवे.

गुरुवारी तो आला. धुतलेला सदरा घालून, दाढी करून. अध्यक्षबाईंनी विचारलं, काय काम आहे, तेव्हा त्यानं उभ्यानंच, चार वाक्यांत सांगून टाकलं. कोपऱ्यावरच्या घराला दार होतं, ते आम्ही बुजवलं, उलट्या रेषांचे दगड माझे आहेत, भिंतीच्या पोटात जुना उंबरा अजून असेल.

सगळे प्राध्यापकांकडे बघायला लागले. प्राध्यापक वाईट माणूस नव्हेत. ते चिडले नाहीत, हसलेही नाहीत. त्यांनी मामाला खुर्ची दिली आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की मित्रासाठी तुमचा जीव तुटतो हे आम्हाला कळतं, पण असं खोटं बोलून चालत नाही.

“त्या दगडांचं काम मी तीस वर्षं पाहतोय,” ते म्हणाले. “इतकं सफाईचं काम करणारा माणूस गेल्या दोनशे वर्षांत या भागात झालेला नाही.”

मामाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला त्याचा चेहरा समोरून दिसत होता, म्हणून सांगते, त्या क्षणी त्याला उठून घरी जावंसं वाटत होतं. त्याचं कर्तव्य झालं होतं. त्यानं खरं सांगितलं, त्यांनी मानलं नाही, भिंत वाचली. आणि वर दोनशे वर्षांतलं सर्वोत्तम काम असा शिक्का. मी पेन्सिल हातात धरून बसले होते. तो खरोखर उठलाच. दारापर्यंत गेला, आणि तिथून वळून म्हणाला की पाच वाजता चौकात या, मी दगड आणि छिन्नी घेऊन येतो.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी त्या संध्याकाळी प्रत्यक्ष पाहिलं. त्यानं परसातून एक हातभर दगड हातगाडीवर घालून आणला होता. भिंतीपासून चार पावलांवर फरशीवर मांडी घालून बसला, उजव्या हातात छिन्नी, डाव्यात हातोडा. समितीची पाच माणसं, काकू, आणि रिकामटेकडे वीसेक. वरच्या खिडकीची झडप उघडी होती. सदुसष्ट वर्षांचा माणूस, पण पहिल्या ठोक्यापासून हात असा चालला की बघे जवळ सरकले. एका दमात त्यानं वीतभर जागा रेषांनी भरली, दगड उचलून भिंतीला टेकवला, आणि बाजूला झाला. ऊन कडेनं आलं होतं. भिंतीवरच्या रेषा जिथं संपत होत्या तिथून पुढं त्याच्या दगडावर त्या चालू होत होत्या, त्याच कलानं, तितक्याच अंतरावर.

प्राध्यापकांनी चष्मा काढला, दगडावर बोट फिरवलं, मग भिंतीवर फिरवलं, मग पुन्हा दगडावर. 

“तीस वर्षं मी गावात येतो,” ते शेवटी म्हणाले. “तुम्हाला डावऱ्या म्हणतात हे मला कुणी कसं सांगितलं नाही?”

तुम्ही गवंड्याचं नाव कधी विचारलं नाहीत, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी गिळलं. मीही कुठं विचारलं होतं? त्यांनी लगेच हेही विचारलं की चौकात तुमचं आणखी काम कुठं कुठं आहे. मामानं परत गुळणी धरली. त्यानंतर महिनाभर प्राध्यापक रोज पाच वाजता भिंतींना नाक लावत चौकात फिरत होते.

समितीनं मूळ दार पुन्हा उघडायला परवानगी दिली. नवं दार पाडायला नियम आड येत होता, जुनं उघडायला तोच नियम मदतीला आला. ठराव मीच लिहिला आणि एवढ्या आनंदानं दुसरा कुठलाही लिहिला नाही. एक अट घातली, की ज्यानं दार बुजवलं त्यानंच काम करावं आणि प्रत्येक दगडावर खडूनं क्रमांक घालून तो जपून ठेवावा.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण काकांनी सगळं खिडकीतून ऐकलं होतं.

मी मामापुढं कॅमेरा ठेवला त्या दिवसापासून तो त्यांच्या घरात शिरला नव्हता. काम त्यानं बाहेरून सुरू केलं. आतून काका टेबलाशी बसून काम करत, बाहेरून तो सांधे खरवडत असे, आणि मधे भिंत. मी जेवणाचा डबा घेऊन जाई तेव्हा दोन्हीकडचे आवाज एकदम ऐकू येत, आतून घड्याळांची टिकटिक, बाहेरून छिन्नी. बोलणं नाही. चुना इतका पक्का झाला होता की एकेका दगडाला अर्धा दिवस लागे, आणि आपल्याच तरुणपणाला शिव्या देत मामा तो सोडवी. चौथ्या दिवशी भिंतीच्या आतल्या थरातला पहिला दगड निघाला, गिलावा ढासळला, आणि बसल्या माणसाच्या तोंडासमोर भोक पडलं. आत काका खुर्ची भिंतीपाशी आणून बसले होते. त्यांच्या डोळ्याला भिंग तसंच होतं.

मी डबा हातात धरून मामाच्या मागं उभी होते. काकांनी भिंग काढलं.

“दोन वर्षं तू इथं येऊन बसायचास,” ते म्हणाले. “याच भिंतीला पाठ लावून.”

“हो,” मामा म्हणाला.

“मी तुला विचारलं होतं एकदा, ही किती जाड असेल रे. तू म्हणालास, कुणाला ठाऊक.”

 मामाच्या तोंडावर चुन्याची पूड होती आणि ती पुसायचंही त्याला सुचलं नाही. काकांनी भिंग परत डोळ्याला लावलं. मग खुर्ची वळवली आणि टेबलाशी गेले. मामानं त्या दिवशी डबा उघडला नाही.

काम सोळा दिवस चाललं. दगडांमागं जुना उंबरा निघाला, मधोमध पायांनी झिजलेला, पसाभर पाणी राहील एवढा. बाजूच्या चौकटीचे दोन दगड मात्र बुजवताना फुटले होते, ते मामानं नवे घडवले. मी मुद्दाम संध्याकाळी जाऊन पाहिलं. रेषा उघडउघड डावऱ्याच्या होत्या, लपवायचा काही प्रयत्न नाही. नोंदवहीत त्या दोन दगडांपुढं मी त्याचं पूर्ण नाव टाइप केलं. एकसष्ट घरांच्या वहीत ज्यानं काम केलं त्याचं नाव असलेली ही पहिलीच ओळ आहे. प्राध्यापकांनी ती वाचली आणि खाली सही केली.

सतराव्या दिवशी काकूंनी खुर्ची उंबऱ्यावरून बाहेर काढली. उंबऱ्याच्या झिजलेल्या जागेत चाक क्षणभर अडकलं आणि सुटलं. मामा हातगाडीशी उभा राहून दगडांवरचे क्रमांक उगाच पुन्हा तपासत होता. काका त्याच्या शेजारून गेले. वळून पाहिलं नाही. चौकभर त्यांनी खुर्ची फिरवायला लावली, प्रत्येक दुकानापाशी थांबले, दिव्याचा खांब खालपासून वरपर्यंत पाहिला. बाकापाशी जाऊन त्याच्या लाकडावर हात ठेवून बराच वेळ बसले. लोक भेटायला येत होते, ते मान हलवत होते. ऊन उतरलं तेव्हा काकू त्यांना परत घेऊन आल्या.

दारापाशी आल्यावर काकांनी हात वर करून खुर्ची थांबवली. मामा अजून तिथंच होता. काकांनी मनगट पुढं केलं, घड्याळ दाखवलं.

“उद्या साडेपाचला ये,” ते म्हणाले. “उशीर करू नकोस. आधीच खूप केलायस.”

दुसऱ्या दिवशी मामा सव्वापाचलाच बाकावर जाऊन बसला होता.